साडेआठ हजारांचा मॅक मिनी आणि ह्रस्व वेलांटी

डिचोलीत माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराच्या पडवीला शटर लावून केलेली दहा बाय बाराची खोली. आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या उत्सवपत्रिका, नाटकांची हस्तपत्रकं, बिलबुकं ही त्याची कामं. मजकूर जुळवून पान इथे लागतं, छपाई म्हापशाच्या ऑफसेटवाल्याकडे होते. पूर्वी खनिजाच्या ट्रकांच्या ट्रिप-बुकांचं मोठं काम असायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ते गेलं ते गेलंच. तेव्हापासून भाई कुठल्याही खर्चाकडे आधी संशयाने बघतो. पुढचं सगळं कळायला हे ठाऊक असलेलं बरं.

मे २०२५ मध्ये त्याचा फोन आला. "अरे, विंडोज दहा ऑक्टोबरात बंद होतं म्हणे. माझा पीसी अकराला चालत नाही. मॅक घेऊन बघूया?"

यातलं निम्मं बरोबर होतं. विंडोज दहाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. पण मुदत संपली म्हणजे पीसी बंद पडतो असं नव्हे, सुरक्षा दुरुस्त्या यायच्या थांबतात. विंडोज अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. भाईकडे चौथ्या पिढीचा आय-थ्री. म्हणजे अकरा नाही हे खरं. मॅकचं खूळ मात्र म्हापशातून आलेलं. ऑफसेटवाल्याच्या मुलाकडे मॅक आहे आणि भाईच्या मनात कुठेतरी बसलं होतं की चांगली पानं त्यावरच लागतात.

ॲपलच्या एम-फोर चिपचा नवा मॅक मिनी, म्हणजे मॅकचा नुसता छोटा डबा, भारतात आला तेव्हा किंमत ५९,९००. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आपला आपण. "साठ हजार घातले आणि नाही जमलं, तर वहिनी मला पडवीत झोपवेल," भाई म्हणाला. (वहिनी म्हणजे त्याची बायको. पण माझ्याशी बोलताना तोही तिला वहिनीच म्हणतो.) म्हणून जुना घ्यायचा, चार महिने वापरून बघायचा आणि मग ठरवायचं. बजेट पंधरा हजार, सगळं धरून.

नक्की काय बघायचं, हे आम्ही कागदावर लिहिलं नाही. ही चूक माझी. संगणकातलं मला कळतं असा घरात समज आहे, त्यामुळे ते माझं काम होतं.

नवा नको, जुनाच बरा

दोन मिनी नजरेत आले. एक मडगावात, २०१४ च्या शेवटी आलेलं मॉडेल, किंमत चौदा हजार. दुसरा आसगावात. तिथला एक छोटा डिझाइन स्टुडिओ गाशा गुंडाळत होता आणि त्यांच्याकडे २०१२ चं मॉडेल होतं. मागत होते दहा.

कुणीही म्हणेल २०१४ चा घ्या, दोन वर्षांनी नवा आहे. पण मिनीच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. २०१४ पासून ॲपलने रॅम थेट बोर्डावर जडवली. मडगावचं यंत्र सगळ्यात खालचं होतं, १.४ गिगाहर्ट्झ, चार जीबी रॅम. ती चार जन्मभर चारच राहणार. २०१२ च्या मॉडेलला तळाशी काळं गोल झाकण असतं. ते हाताने फिरवलं की निघतं आणि रॅमच्या दोन पट्ट्या समोर दिसतात, त्या सोळा जीबीपर्यंत वाढवता येतात. यूएसबी ३.० आहे, एचडीएमआय आहे.

उलट बाजूही होती. मॅकओएस म्हणजे मॅकची विंडोज. २०१४ चा मिनी तिच्या मॉन्टेरी आवृत्तीपर्यंत जातो, २०१२ चा त्याआधीच्या कॅटलिनाला थांबतो. कॅटलिना २०१९ ची, आणि २०२२ नंतर तिला सुरक्षा दुरुस्त्या नाहीत. मी भाईला म्हटलं, यावर बँकेचं काही करायचं नाही, फक्त पान लावून बघायचं. तो म्हणाला, "बँक मोबाईलवर आहे. चल आसगावला."

आसगाव

जाताना गाडीत आमचाच मॉनिटर, एचडीएमआय केबल, साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस घेतला. कीबोर्ड वायरचाच हवा. यंत्र सुरू होतानाच काही कळा दाबायच्या असतात आणि त्या क्षणाला ब्लूटूथवर भरवसा ठेवता येत नाही. विंडोजच्या कीबोर्डवरची ऑल्ट ही मॅकची ऑप्शन, विंडोजची कळ म्हणजे कमांड.

स्टुडिओतली बाई व्यवहाराला सरळ होती, फक्त पॉवरची वायर हरवली होती. २०१० नंतरच्या मिनीत पॉवर सप्लाय आतच असतो, बाहेर ॲडॉप्टरची वीट नसते आणि वायर लागते ती दोन गोल भोकांची, जुन्या टेप-रेकॉर्डरची. तिच्याकडच्याच एका स्पीकरची वायर काढून लावली आणि यंत्र सुरू झालं.

मग मी यंत्र बंद करून ऑप्शन दाबून पुन्हा सुरू केलं. डिस्कचं चित्र यायला हवं होतं. आलं कुलूप. राखाडी पडद्यावर मधोमध कुलूप आणि खाली एक रिकामी चौकट.

हा फर्मवेअर पासवर्ड. नेहमीसारखं यंत्र सुरू केलं तर तो कधीच दिसत नाही, सगळं छान चालतं. पण उद्या डिस्क बदलायची, मॅकओएस नव्याने घालायची किंवा बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचं म्हटलं की हे कुलूप आडवं येतं. २०११ पासूनच्या मॅकमध्ये रॅम काढून-घालून ते उडवण्याची जुनी युक्ती चालत नाही. ॲपलकडे जावं लागतं आणि ते मूळ खरेदीचं बिल मागतात. बाई म्हणाली, "आम्ही कधी असला पासवर्ड घातलाच नाही." ती खोटं बोलत नव्हती. त्यांच्याकडे पूर्वी यंत्रं सांभाळायला एक मुलगा होता, त्याने घातला असणार. तो आता पुण्यात. फोन लावला, उचलला नाही. आम्ही अंगणात बसून राहिलो, भाईने दोनदा "जाऊया रे" म्हटलं. पाऊण तासाने मुलाचा फोन आला आणि त्याने एका दमात पासवर्ड सांगितला. रिकव्हरीत, म्हणजे मॅकच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये, जाऊन युटिलिटीज मेनूतून तो बंद केला, पुन्हा ऑप्शन दाबून बघितलं, कुलूप गेलं होतं. त्या पाऊण तासाच्या बदल्यात दहाचे साडेआठ झाले.

बाकीची तपासणी लवकर उरकली. झाकण फिरवून आत बॅटरी मारली. गोव्यात किनाऱ्याजवळचं यंत्र घेताना हे बघावंच, खारी हवा जोडण्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. इथे धूळ होती, एका कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांची रांग होती, गंज नव्हता. (भाईच्या पीसीच्या डब्यात एकदा पालीची दोन अंडी निघाली होती, तेव्हा मुंग्या म्हणजे काहीच नाही.) डिस्क युटिलिटीत डिस्क ठीक दाखवत होती. मालकिणीला आयक्लाउडमधून बाहेर पडायला लावलं, फाइंड माय मॅक बंद केलं. तळावरचा आणि पडद्यावरचा सिरियल नंबर जुळवून तो पावतीवर लिहून तिची सही घेतली.

"मॅक मंद असतो"

घरी आणून पुसून कॅटलिना नव्याने घातली. ऑप्शन-कमांड-आर दाबून सुरू केलं की यंत्र स्वतः इंटरनेटवरून त्याला चालणारी शेवटची मॅकओएस उतरवून घेतं. रात्री लावलं, सकाळी तयार होतं.

चार दिवसांनी भाईचा फोन. "यापेक्षा माझा पीसी बरा. मॅक एवढा मंद असतो?"

मंद होताच. सुरू व्हायला तीन-चार मिनिटं, एखादं ॲप उघडलं की रंगीत चकरी. पण मंद होती ती आतली ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम. दोष जुन्या सुट्या भागांचा आणि नाव मॅकचं. चार महिन्यांच्या चाचणीचा निकाल चौथ्या दिवशीच लागायच्या बेतात होता, तोही चुकीच्या आरोपीवर.

यूट्यूबवर बघून मिनी उघडून आत एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवायचा भाईचा विचार होता. मी नको म्हटलं. पंखा, अँटेनाची जाळी आणि तिच्या केसासारख्या वायरी बाजूला केल्याशिवाय डिस्क हाती लागत नाही, शिवाय टॉर्क्सचे छोटे स्क्रू-ड्रायव्हर लागतात. त्याऐवजी ४८० जीबीचा साधा सॅटा एसएसडी घेतला, यूएसबीच्या डबीत घातला, मागे लावला आणि मॅकओएस त्यावरच टाकली. २०१२ च्या मिनीचं यूएसबी ३.० त्याला पुरेसं आहे. रॅमच्या आठ जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या पणजीत मिळाल्या, त्या झाकण फिरवून पाच मिनिटांत बसल्या. एसएसडी आणि डबीचे ३,४००, रॅमचे २,२००. एकूण १४,१००.

यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागलं. "मॅक मंद असतो" हे वाक्य त्यानंतर पडवीत ऐकू आलं नाही. डबी आजही बाहेर डबल टेपने चिकटवलेली आहे.

एवढ्यात ९ जून उजाडला. त्या दिवशी ॲपलने सांगितलं की सप्टेंबरमध्ये येणारी मॅकओएस टाहो ही इंटेलचा प्रोसेसर असलेल्या, म्हणजे आमच्यासारख्या जुन्या, मॅकसाठी शेवटची. आमची खरेदी होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. तसा कॅटलिनाला अडकलेल्या यंत्राला यामुळे काहीच फरक पडत नव्हता. पण पेपरात वाचून भाईने दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं. ओपनकोर लेगसी पॅचर नावाचं साधन वापरून जुन्या मॅकवर नवी मॅकओएस चढवता येते, तेही त्याने कुठून तरी शोधून काढलं. माझ्यासारख्या हौशी माणसाला ते ठीक आहे. दुकानात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, नको.

तीन कामं

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कागदावर तीन कामं लिहिली. एक, जुनी फाईल उघडून दुरुस्त करणे. दोन, नवी पत्रिका पहिल्या अक्षरापासून मॅकवर करणे. तीन, तिची पीडीएफ म्हापशाला पाठवून तिथून काही तक्रार येते का बघणे.

पहिलं काम दहा मिनिटांत नापास. भाईच्या वीस वर्षांच्या फायली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, आणि फाँट युनिकोडपूर्व काळातले. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक.) त्या फाँटांत "अ" हे "अ" नसतंच. रोमन अक्षराच्या खणात "अ"चं चित्र बसवलेलं असतं. पेजमेकर मॅकओएसवर चालत नाही, म्हणून मजकूर तेवढा काढून नेला, तर पडद्यावर टोप्या-शेपट्यांची युरोपीय अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच प्रश्नचिन्ह. भाई म्हणाला, "मॅकला मराठी येत नाही."

मॅकला उत्तम मराठी येतं. देवनागरीचे फाँट त्यात मुळातच आहेत, कीबोर्डही आहेत. भाईच्या फायलींना मराठी येत नव्हतं. त्यांतले मराठी फाँट ज्या सॉफ्टवेअरचे ते डोंगल, म्हणजे पीसीला लावायची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. तो डोंगल नसेल तर नवाकोरा विंडोज अकराचा पीसीही तीच टोप्या-शेपट्यांची रांग दाखवेल. म्हणजे प्लॅटफॉर्म बदलण्यातली खरी अडचण यंत्रात नव्हती, पीसीच्या डी ड्राइव्हमध्ये वीस वर्षं साठत गेली होती. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी कन्व्हर्टर साधनं आहेत आणि ती बरीच चांगली आहेत. पण एका देवस्थानच्या जुन्या पत्रिकेत "दुसऱ्या दिवशी"चं "दुसर्या दिवशी" झालं, आणि ते पकडलं वहिनीने.

वहिनीच्या बोटांचा प्रश्न

इथपर्यंत आम्ही दोघे पुरुष प्रोसेसर आणि रॅमवर बोलत होतो. दुकानातलं ऐंशी टक्के टायपिंग वहिनी करते. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

वहिनी लग्नाआधी टाइपरायटिंगची परीक्षा देऊन आलेली. तिचा हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला आणि डीटीपीतही ती तीच मांडणी वापरते. मॅकमध्ये ती नाही. मॅकची देवनागरी मांडणी इनस्क्रिप्टवर बेतलेली आहे, जी १९९१ च्या भारतीय मानकात आहे आणि विंडोज, लिनक्स, मोबाईल सगळीकडे सापडते. कळांच्या जागा बदलल्या हे एक झालं. त्याहून अवघड म्हणजे क्रम.

टाइपरायटरवर दिसतं तसं टाइप करायचं. "निमंत्रण" लिहायचं तर आधी ह्रस्व वेलांटी, मग "न". युनिकोडमध्ये उच्चार होतो तसं टाइप करायचं, आधी "न", मग वेलांटी. रफाराचंही तेच. "सर्व" टाइप करताना ती "स", "व" आणि शेवटी वर रफार देणार. इनस्क्रिप्टमध्ये "स", "र", हलन्त, "व". मी शेजारी बसून बघत होतो. तिने पहिलाच शब्द टाइप केला आणि पडद्यावर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ आलं, त्याच्या डोक्यावर एकटी वेलांटी. तिने खोडलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती कळफलकावरून हात काढून बसली.

"हे गोल कशाचं?"

"वेलांटी वाट बघतेय, अक्षर कधी येतं म्हणून."

"मग माझ्या मशीनवर कशी बघत नव्हती?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ती पुढे जे म्हणाली ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं. "शिकायला माझी ना नाही. पण तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची रांग लागते, तेव्हा नको. आता आषाढ आहे, काम नाही. रोज दुपारी एक तास बसेन."

ती बसली. पुतणी बारावीत आहे, तिने कळांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून अक्षरं लिहून दिली. पहिला आठवडा वहिनीला दिवसाला अर्धं पानही होईना. "ऱ्या" मात्र तिला फार आवडला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून "र"ची कळ दाबली की नुक्तेवाला "ऱ", मग हलन्त, मग "य", आणि "दुसऱ्या" जसा हवा तसा येतो. कन्व्हर्टरने घातलेला घोळ तिने एका दुपारी असा हाताने निस्तरला. चतुर्थीपर्यंत तिचा वेग जुन्या वेगाच्या निम्म्यावर आला, हा तिचाच अंदाज.

दुसरं काम या काळातच झालं, श्रावणातल्या भजनी सप्ताहाची पत्रिका. सॉफ्टवेअरची निवड यंत्रानेच करून टाकली होती. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस फक्त ताज्या तीन मॅकओएसना धरून चालतं, पानं लावायच्या इनडिझाइनची चालू आवृत्ती कॅटलिनावर बसत नाही, क्रोमने २०२४ मध्येच हात सोडला. फायरफॉक्स चालला. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिसची जुनी आवृत्ती त्यांच्या संग्रहातून उतरवली, पान त्यात लावलं. प्रूफ घेऊन भाई देवळात गेला आणि परत आला तो हसत. खजिनदारांनी "श्री शांतादुर्गा"वर बोट ठेवलं होतं. "हा 'श' आमचा नव्हे. हिंदीवाल्यांचा." आम्ही निवडलेल्या फाँटमध्ये देठाचा "श" आणि पाकळ्यांचा "ल" नव्हता, हिंदी वळणाचे होते. फाँट बदलून टिरो देवनागरी मराठी घेतला, तो मोफत आहे आणि त्यात अक्षरं मराठी वळणाची आहेत. खजिनदारांचं समाधान झालं. म्हापशाला पीडीएफ गेली, काही तक्रार आली नाही. तिसरं काम एका ओळीत संपलं.

आणि मग मला उशिरा सुचलेली गोष्ट. पत्रिका झाली ती लिब्रेऑफिस, मोफत फाँट आणि इनस्क्रिप्टवर. यातलं काहीच मॅकचं नव्हतं. एका पावसाळी संध्याकाळी मी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, टाकून भाईच्या जुन्या आय-थ्रीवर लावून बघितलं. काही इन्स्टॉल न करता, नुसतं पेनड्राइव्हवरून. इनस्क्रिप्ट चालू केलं, सप्ताहाची फाईल उघडली, जशीच्या तशी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. खर्च शून्य.

भाईने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे मे महिन्यात का नाही सांगितलंस?"

खरं तर मी सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं, त्याला मॅकच बघायचा होता. पण मी सांगितलं नव्हतं, हेही खरं.

मिनीचा एक फायदा मात्र कुणाच्या हिशेबात नव्हता. जुलैत डिचोलीत वीज दिवसाला तीन-चारदा जायची. पीसी त्याच यूपीएसवर दहा मिनिटंही काढत नाही. मिनी कमाल ८५ वॅटचा आहे आणि साधं टायपिंग चालू असताना त्याच्या कितीतरी खाली चालतो. वीज गेली तरी वहिनी पान संपवून मगच उठायची.

आता स्थिती अशी. साठ हजारांचा नवा मॅक घ्यायचा नाही, हे चतुर्थीनंतर ठरलं. भाईला त्याची गरज दिसली नाही, मलाही नाही. जुन्या पीसीचं इंटरनेट १४ ऑक्टोबरला काढलं, विंडोज दहा आणि डोंगल तिथेच ठेवले. जुनी फाईल लागली तर तो चालू करायचा, मजकूर काढायचा, बदलून पेनड्राइव्हने मिनीवर आणायचा. मिंट पुतणीच्या लॅपटॉपवर गेलं, कारण तिला ते आवडलं. मिनी विकायचं भाईने एकदा काढलं होतं, पण वहिनी नको म्हणाली. नव्या सगळ्या पत्रिका ती त्यावरच करते. घाईत असली की वेलांटी अजून आधी पडते आणि ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

दोन्ही यंत्रांना मॉनिटर एकच. दर वेळी टेबलामागे हात घालून एचडीएमआयची वायर काढावी-घालावी लागते, म्हणून भाईने सहाशे रुपयांचा स्विच मागवला आहे. पंधरा हजारांतले नऊशे उरले होते.